‘क’ कुठून आला

संपादकांचं पत्र आलं. ‘मुक्या लेकरांच्या सेवेत घालवलेल्या आयुष्याविषयी दिवाळी अंकासाठी काही हृद्य लिहून पाठवा.’ अक्षर सुरेख होतं, विनंतीही नम्र होती. पण त्या एका वाक्यातले तीन शब्द मला मान्य नाहीत. मुकी, सेवा आणि हृद्य.

सेवा मी केली नाही. नोकरी केली, एकतीस वर्षं, आणि ती भांडून केली. हृद्य लिही म्हटलं की माणूस खोटं लिहायला लागतो. आणि मुकं म्हणाल, तर जन्मतः मुकं मूल मी क्वचितच पाहिलं असेल. ज्यांना लोक मुकी म्हणतात त्यांचा गळा ठणठणीत असतो. ती रडतात, खिदळतात, रागावली की गल्ली डोक्यावर घेतात. बिघाड असतो तो कानात. ऐकणारं मूल पाळण्यात पडल्यापडल्या आपल्याच आवाजाशी खेळतं, आईच्या आवाजाशी तो जुळवून बघतं आणि त्या खेळातून बोलायला शिकतं. याला ना आईचा आवाज पोचतो, ना स्वतःचा. मग खेळ थांबतो. घरातले वाट बघतात, मोठं झाल्यावर बोलेल. नंतर कुणीतरी सांगतं, जिभेखालची शीर जाड आहे, कापून आणा. आमच्या शाळेत अशी किती तरी मुलं आली, जीभ कापून आणलेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, अशा मुलांच्या शाळेत शिक्षिका होते. माझ्याकडं सर्वांत लहानांचा वर्ग होता. सहा वर्षांखालच्यांना शाळेत घ्यायचा नियम नव्हता. तो वर्ग मी हट्टानं सुरू केला होता. कारण बोलणं रुजतं ते पहिल्या चार-पाच वर्षांत. त्यानंतर शिकवता येतं, पण ते खडकावर पेरणं असतं.

शिकवतात कसं, हे लोक नेहमी विचारतात. आरशासमोर बसून तोंडानं प म्हणा, मग ब, मग म. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. ओठ वाचणाऱ्या मुलाला पापा, बाबा आणि मामा ही एकच माणसं. मग फरक दाखवायचा कसा? प ला वारा सुटतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली की ती हलते. ब ला गळा थरथरतो; मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. म ला नाक गुणगुणतं. त्याचं बोट आपल्या नाकावर. हे झाले ओठांवरचे, दिसणारे. त, द, न यांत जीभ निदान दातांमागं डोकावते. पण क? क घशाच्या तोंडाशी, पडजिभेपाशी तयार होतो. तिथं काहीच दिसत नाही. माझी मुलं ‘काका’ला ‘ताता’ म्हणायची आणि वर्षानुवर्षं म्हणत राहायची. बहिऱ्या मुलाच्या शिक्षिकेला तुम्ही झोपेतून उठवून विचारा, सर्वांत अवघड काय? ती क म्हणेल, नाहीतर स.

नसरीन आली ती चार वर्षांची असताना. तिचे वडील मेहबूब मिस्त्री नळदुर्गला हायवेवर ट्रकची कामं करायचे. हाताला कायम काळं तेल, पण मुलीच्या अंगात धुतलेला पिवळा फ्रॉक. बरोबर आई, रजियाबी. एका डॉक्टरानं कागद लिहून दिला होता, मुलगी मतिमंद आहे, बोलणार नाही. मिस्त्रींनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “बाई, ह्ये म्या मानत न्हाय. पोरीला हॉर्न कळतो. ट्रक आला की मागं वळून बघती.”

“कानानं कळतो की पायानं? जमीन हादरते ना?”

मिस्त्रींनी पोरीच्या पायांकडं पाहिलं. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मी अंगणातल्या लिंबाला साडीची झोळी बांधली आणि नसरीनला त्यात बसवलं, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून. पुढं रजियाबी खुळखुळा नाचवत उभी. मी मागून हलगी घेऊन आले. आमच्याकडं कान तपासायचं यंत्र नव्हतं. हलगी, शिट्टी, पेल्यात चमचा, हीच आमची प्रयोगशाळा. शिपाई दारातून म्हणाला, “बाई, हलगी? तुमी वाजवणार?” त्या प्रश्नात काय काय होतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. माझ्या वडिलांनी छप्पन साली, धर्मांतरानंतर, हलगीसकट गावकीची सगळी कामं सोडली होती. मी म्हटलं, “हो. मीच वाजवणार.”

शिट्टीला नसरीन हलली नाही. चमच्याला नाही. हलगीवर थाप पडली तशी तिनं खुळखुळ्यावरची नजर काढली आणि मान वळवून थेट माझ्याकडं पाहिलं. मी बाजू बदलली. ती त्या बाजूला वळली. म्हणजे जाडे, खालच्या पट्टीतले आवाज तिला थोडे पोचत होते. आणि जी मुलगी आवाज कुठून आला ते शोधते, ती मतिमंद कशी? डॉक्टराच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी माझं म्हणणं लिहिलं आणि खाली सही केली. तो अधिकार मला नव्हता. पण कागदाची एक बाजू कोरी होती.

शाळेकडं मोजकी श्रवणयंत्रं होती, खिशात ठेवायची, काडेपेटीहून मोठी, कानापर्यंत वायर गेलेली. लहान मुलाच्या अंगावर ती टिकत नसत. मिस्त्रींनी टायरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापले आणि नसरीनच्या छातीवर यंत्र असं बसवून दिलं की तिनं कोलांटी मारली तरी हलू नये. नंतर सगळ्या लहान मुलांना त्यांनीच पट्टे करून दिले.

पहिल्या चार महिन्यांत म आला, प आला, आ आणि ओ आले. आणि मग मी पाण्यावर अडले.

‘पाणी’ हा शब्द मी मुद्दाम लवकर घेत असे, कारण तहान खरी असते. नसरीन तांब्याकडं बोट करून म्हणायची, “पानी.” मी मान हलवायची. नाही. पाणी. जीभ वर वळव, ण. ती पुन्हा, “पानी.” मी तांब्या मागं घ्यायची. एक दिवस नसरीनला वसतिगृहात भेटायला आलेली रजियाबी खिडकीतून हे बघत होती. ती आत आली आणि म्हणाली, “बाई, हमारे घर में सब पानीच बोलते. वो बराबर बोलरी ना?”

मी म्हटलं, “शुद्ध यायला हवं.”

हे वाक्य माझं नव्हतं. ते मी पुण्याहून आणलं होतं. तिथं ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात एक शिक्षिका सगळ्या वर्गासमोर मला म्हणाल्या होत्या, “कांबळे, आधी तुमचे स्वतःचे उच्चार सुधारा, मग मुलांचे. पानी नाही, पाणी. न्हाय नाही, नाही.” वर्ग हसला. मी रोज आरशासमोर उभी राहून सहा महिन्यांत जीभ बदलली. सुट्टीत घरी जळकोटला आले तर आई म्हणाली, “लई गोड बोलायलीस गं. पाहुणीवानी.” तिला ते कौतुक वाटत होतं की दुःख, मी विचारलं नाही. आणि आता तोच आरसा मी एका चार वर्षांच्या पोरीसमोर धरून बसले होते, जिला अर्धं जगच ऐकू येत नव्हतं. ज्या आईकडून ती बोलणं शिकणार, तिचंच बोलणं मी चूक ठरवत होते.

हे शहाणपण मला त्या दिवशी आलं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मी तांब्या मागंच धरला.

त्या वर्षी पाऊस रुसला. आमच्या भागाला ते नवीन नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मी स्वतः शाळेची सुट्टी आईबरोबर खडी फोडण्यात घालवली होती आणि दुष्काळी वाटपातली सुकडी खाल्ली होती. पण या वेळी फेब्रुवारीतच वसतिगृहाची विहीर तळाला गेली. टँकर आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही. संस्थेनं ठरवलं, मुलं घरी पाठवा, पाऊस पडला की बोलवा.

मोठ्या मुलांचं मला काही म्हणायचं नव्हतं. पण माझ्या वर्गातल्या लहानांचे चार महिने म्हणजे त्यांच्या बोलण्याचं सगळं आयुष्य. नुकतं फुटलेलं बोलणं चार महिने कुणी खतपाणी घातलं नाही तर करपतं. मी बैठकीत तसं सांगितलं. अधीक्षक म्हणाले, “बाई, पाणी नाही तिथं ‘पाणी’ शिकवून काय करता?” सगळे हसले. विनोद चांगला होता, मला आजही आठवतो. मग म्हणाले, “आणि यंत्रं कपाटात जमा करा. संस्थेची मालमत्ता आहे.”

कपाटात यंत्रं आणि घरी मुलं! मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘चार यंत्रं दुरुस्तीसाठी नेली.’ आणि नळदुर्ग-जळकोटच्या बाजूच्या चार लहान मुलांच्या छातीवर ती तशीच राहू दिली. ते लिहिलेलं खोटं होतं. आजही लिहीन.

मी जळकोटला माहेरी गेले. शिवारात पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम निघालं होतं. माझी आई तिथं माती वाहायला जायची. आणि बघते तर चारांपैकी तिघांच्या आया तिथंच. चौथी रजियाबी. हायवेला ट्रक होते, पण त्या वर्षी मालच कमी, गॅरेजला काम कमी, म्हणून तीही पाटी घेऊन उभी होती. नळदुर्गहून सकाळच्या एस.टी.नं यायची, नसरीन कडेवर.

मी बाभळीखाली सतरंजी टाकली. आरसा बाभळीला टांगला. वर्ग सुरू. पहिल्याच दिवशी मुकादम आला.

“ह्ये काय? शाळा हाय का काम हाय?”

“तुमचं काम तिकडं आहे, माझं इकडं.”

“बायका इकडंच बघायल्यात. माती कोन टाकनार?”

माझी आई पाटी खाली ठेवून म्हणाली, “दादा, खड्डा मोजून घे संध्याकाळी. कमी भरला तर बोल.” संध्याकाळी त्यानं मोजला. भरला होता. दुसऱ्या दिवसापासून तो बाभळीखालीच जेवायला बसू लागला आणि कागदाच्या पट्टीवर फुंकर घालून बघू लागला.

खरं सांगायचं तर वर्ग चालेना. ऊन, धूळ, मुलं आईकडं धावायची. दोन आठवड्यांत मी थकले. दुपारच्या सुट्टीत मी आईला म्हटलं, “काहीच शिकत नाहीत इथं.”

आई भाकरी मोडत होती. म्हणाली, “लेकरू कडंवर आसताना शिकतंय गं. सतरंजीवर न्हाय.”

त्या दिवसापासून मी मुलांना शिकवणं थांबवलं आणि आयांना शिकवायला लागले. वेगळं काही नाही. मुलाला कडेवर घेता तेव्हा तुमचं तोंड त्याच्या यंत्राजवळ असतं, वीतभर अंतरावर. तेव्हा बोला. जे करता तेच बोला. पाटी उचलली, ‘उचल’ म्हणा. पाणी दिलं, पाणी म्हणा. रजियाबीनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, “पानी म्हणा. तुमच्या घरचंच बोला.”

हे म्हणायला मला पुण्याहून परत यायला किती वर्षं लागली ते बघा.

रजियाबी बोलायला मोकळी झाली आणि थांबेनाच. ती दिवसभर नसरीनशी दखनीत बोलायची. आणि चार वर्षांच्या पोरीला आई दिवसातून सर्वांत जास्त वेळा काय म्हणते? नको. तिच्या भाषेत, नक्को. माती नक्को. उधर नक्को. हात लगाना नक्को. नसरीनला सवय होती, कडेवर बसली की एक हात आईच्या हनुवटीखाली, गळ्याशी. मी आधी तो हात काढायला सांगायचे, आईला काम करता येईना म्हणून. बरं झालं रजियाबीनं ऐकलं नाही.

एप्रिलच्या एका दुपारी नसरीनला मी आरशात क शिकवत होते, माझ्या ट्रेनिंगच्या पद्धतीनं. चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक दाबून धरायचं आणि ‘ता’ म्हणवायचं. टोक अडकलं की जिभेची मागची बाजू उठते आणि क येतो. पुस्तकात येतो. नसरीनला उमासा आला. मी पुन्हा दांडा पुढं केला. तिनं माझा हात झटकला आणि म्हणाली,

“नक्को!”

मी चमचा खाली ठेवला. पुन्हा पुढं केला, मुद्दाम.

“नक्को! नक्को!”

क होता. अर्धा नाही, अंदाजाचा नाही. दगडावर दगड आपटावा तसा खणखणीत क. सहा महिने मी चमच्यानं जो शोधत होते, तो तिनं आईच्या गळ्यातून उचलला होता. नंतर मी विचार केला तेव्हा कारणही समजलं. आपल्या ‘नको’त क झटकन निघून जातो. ‘नक्को’त तो घशात दाबून धरतात आणि मग सोडतात, हनुवटीखाली हात असेल तर तो धक्का स्पष्ट लागतो. पुण्याच्या शुद्ध मराठीत माझ्या मुलीला क सापडला नसता. मी रजियाबीला हाक मारून सांगितलं. तिला वाटलं पोरीनं काही खोडी केली. “क्या बोली?”

“नक्को बोली!”

“वो तो मेरेकू रोज बोलती,” रजियाबी म्हणाली.

जूनमध्ये पाऊस झाला, शाळा उघडली आणि माझ्या टेबलावर मेमो होता. ‘परवानगीशिवाय अनधिकृत ठिकाणी वर्ग भरवणे, तसेच संस्थेची यंत्रे खोटे कारण लिहून बाहेर नेणे.’ माझी तक्रार कुणी केली ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही, ते गेले. खुलासा मागितला होता. मी लिहिलं, ‘वर्ग मी बाहेर नेला नाही. मुलं जिथं होती तिथं मी गेले. यंत्रांचं कारण खोटं होतं. यंत्रं मात्र मुलांच्या कानाला होती, त्यासाठीच ती घेतली होती.’

संस्थेच्या बैठका दूध संघाच्या वरच्या मजल्यावर होत, कारण संघाचे चेअरमन तेच आमचेही चेअरमन. त्या काळी एक माणूस पाच संस्थांवर असायचा. हा माणूस वाईट नव्हता. शाळेची जमीन त्यानंच मिळवून दिली होती. पण त्याचं गणित ठरलेलं होतं.

“बाई,” चेअरमनसाहेब म्हणाले, “बोलून काय करणार ही लेकरं? हाताला काम द्या. शिवण शिकवा, खडू करायला शिकवा. पोट तोंडानं भरतं, पण बोलून नाही.”

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही चेअरमन शिवण शिकून झालात?”

एक सदस्य खुर्चीत सरळ झाले. साहेब मात्र हसले. “बरं. काय शिकवलंत ते दाखवा.”

मी नसरीनला आणि रजियाबीला बरोबर आणलं होतं. हीच माझी चूक. मूल म्हणजे जत्रेतला पोपट नव्हे, हे मीच दुसऱ्यांना सांगत आले होते, आणि वेळ आली तेव्हा मीच तिला टेबलासमोर उभी केली.

“नाव काय बाळ तुझं?”

नसरीननं तोंड आईच्या ओढणीत लपवलं.

“आई म्हण. अम्मी म्हण.”

काही नाही. मला पन्नास शब्द माहीत होते जे ती रोज बोलायची. मी तिच्यासमोर बसले, नाकावर बोट ठेवून म दाखवला. ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मला ओळखतच नाही. एक सदस्य घड्याळात बघायला लागले. दुसरे पुटपुटले, “चार महिने काय केलं मग?”

साहेबांपुढं कुणीतरी पेढे ठेवले होते. त्यांनी एक उचलला. “पेढा म्हण. म्हटलं की देतो.” नसरीनचे डोळे पेढ्यावर गेले. त्यांनी तो तिच्या तोंडापर्यंत नेला आणि मागं घेतला. “पेढा.” पुन्हा नेला, पुन्हा मागं. मला एकदम माझा तांब्या आठवला. मी “साहेब, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी तिसऱ्यांदा पेढा पुढं केला. नसरीननं त्यांच्या हातावर फटका मारला. पेढा टेबलाखाली गेला.

“नक्को!”

दूध संघाच्या चेअरमनला ‘नको’ म्हणणारं त्या खोलीत त्याआधी कुणी आलं असेल असं मला वाटत नाही.

“काय म्हणाली ही?”

रजियाबी दारातून म्हणाली, “नक्को बोली, साब. नहीं होना बोली.”

“हे तर मराठीसुद्धा नाही,” घड्याळवाले सदस्य म्हणाले.

मी उठले. “तिच्या आईची भाषा आहे. साहेब, पढवून म्हणवलेला शब्द पोपटही म्हणतो. हा तिच्या मनातला आहे. तुमच्यासमोर, तुमच्याविरुद्ध, आपल्या मर्जीनं. बोलणं म्हणजे आणखी काय असतं?”

साहेबांनी फटका बसलेला हात चोळला. मग म्हणाले, “मेमो राहील. नियम आहे.” पेढे बाजूला सारून, “लहानांचा वर्गही राहील. आया बसणार असतील तर बसू द्या.”

वर्ग राहिला, पण खोली मिळाली नाही. तीन वर्षं आम्ही व्हरांड्यात बसलो, मंगळवारी आयांसकट. मेमो माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत होता. निवृत्त होताना कारकुनानं हळूच विचारलं, “बाई, हा जुना कागद काढून टाकू का?” मी म्हटलं, “हात लावायचा नाही. माझ्या नोकरीत तेवढंच एक प्रमाणपत्र आहे.”

आता जे लिहायचं ते फुशारकीचं नाही, पण तेही माझंच आहे.

सुमन आमच्याकडं आली तेव्हा नऊ वर्षांची होती. परंड्याकडच्या एका खेड्यातली. वय मोठं, पण शाळेत नवी, म्हणून तिला माझ्याच लहानांच्या वर्गात बसवलं. ऐकू अजिबात येत नव्हतं, हलगीसुद्धा नाही. पण तिचे हात काय बोलायचे! बाजारातली म्हैस कशी बिथरली, मालक कसा घसरला, सगळं हातांनी सांगायची आणि सगळं वसतिगृह लोळायचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, हात चालू राहिले तर तोंड उघडणार नाही. म्हणून माझ्या वर्गात एक हुकूम होता. हात मांड्यांखाली घ्या, हातांवर बसा. सुमन दोन वर्षं माझ्यासमोर हातांवर बसली. त्या दोन वर्षांत तिला आठ-दहा शब्द आले, आणि तेही फक्त मलाच समजायचे. मग तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं. म्हणाले, “पयले घरात बोलायची तरी. आता गप बसती.”

पुढं खूप वर्षांनी वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींनी मला सांगितलं की मुलांनी प्रत्येक शिक्षकाला खुणेचं नाव ठेवलेलं असतं. अधीक्षकांचं नाव पोट. माझं? मावशी आधी सांगेनात. मग त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले. एवढंच.

त्यानंतर मी माझ्या वर्गातला तो हुकूम बंद केला. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा सांगितलं, हात माझे नाहीत, मुलांचे आहेत. पण सुमनला ते सांगायला मी गेले तेव्हा तिचं लग्न होऊन ती कुठंतरी लांब गेलेली होती. तिची आई भेटली. चहा दिला. मी आलेली पाहून तिला बरं वाटलं, आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं. आज मला कुणी विचारलं, बोलणं की खुणा, तर मी म्हणते, मूल ज्या दारानं बाहेर येईल ते दार उघडा. दुसरं दार बंद करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मला कुणी दिला होता?

नसरीन आता नळदुर्गला असते. शिलाईचं दुकान आहे तिचं. म्हणजे चेअरमनसाहेबांचा शब्दही वाया गेला नाही. नवरा, दोन मुलं, दोघांनाही ऐकू येतं. लोक मला विचारतात, “पण मग ती स्पष्ट बोलते का?” नाही बोलत. स तिला आयुष्यात कधी आला नाही. तो आवाज तिच्या यंत्रातूनही तिच्यापर्यंत पोचत नाही. स्वतःचं नाव ती ‘नहरीन’ सांगते. आवाज थोडा जाड आहे, नाकात आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन-तीन वाक्यं कान जुळवून घ्यावा लागतो. मग कळतं सगळं. पुण्याच्या माझ्या शिक्षिकांनी तिला नापास केलं असतं. माझ्या आईला मात्र ती पाहुणीवानी वाटली नसती.

मध्यंतरी तिच्या मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. मुलीला वर्गात मागं बसवतात अशी तिची तक्रार होती. मी त्या दिवशी नळदुर्गलाच होते, तिच्याबरोबर गेले. वर्गशिक्षिका तरुण होत्या, स्वभावानं चांगल्या. नसरीन बोलायला लागली तशा त्या गोंधळल्या. त्यांनी घाईघाईनं एक कोरा कागद आणि पेन तिच्यापुढं सरकवलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडत म्हणाल्या, “तुम्ही. लिहून. द्या. मला. समजत. नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तुम्हीच सांगा ना, त्यांना काय म्हणायचंय?”

मी सांगायला तोंड उघडलंही होतं. नसरीननं माझ्या दंडावर हात ठेवला. कागद उलटा शिक्षिकेकडं सरकवला, खुर्ची पुढं ओढून बसली आणि म्हणाली,

“मी बोलते. तुमी ऐका.”